पान चारवरचा पत्ता

भागीरथीने पिशवीतून लाइटबिल काढलं, त्यावर आधार कार्डाची झेरॉक्स ठेवली आणि दोन्ही कागद टेबलावरून पुढे सरकवले.

"पत्ता बदलायचाय."

"मेंबरशिपचं काम खालच्या मजल्यावर, काकू." लायब्ररीतल्या स्वप्नालीने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"मी मेंबर नाही. पेपरातला बदलायचाय. तुम्ही ते जुने पेपर कॉम्प्युटरवर चढवताय ना, त्यातला."

आता स्वप्नालीने वर पाहिलं. दोन महिने ती या वरच्या खोलीत बसून इथल्याच एका बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक स्कॅन करत होती. अंबरनाथ-बदलापूरचा चाळीस वर्षांचा इतिहास कुणालाही घरबसल्या वाचता यावा, म्हणून लायब्ररीने हे काम काढलं होतं. भागीरथीला ते शेजारच्या पायलने सांगितलं. "आजी, आता दुबईत बसलेला माणूसपण हे बघू शकतो," एवढंच ती मोबाइल दाखवत म्हणाली होती. भागीरथीने निवडायला घेतलेली मेथी तशीच बाजूला ठेवली होती.

"कोणता अंक?"

"चौदा जून चौऱ्याऐंशी. पान चार. खाली, डाव्या हाताला."

स्वप्नालीने कपाटातून त्या वर्षाची बांधीव फाइल आणली. पान तांबूस पडलं होतं, कडा खाल्लेल्या. खाली डाव्या हाताला चौकट होती आणि चौकटीत फोटो. जवळच्या कॅम्प पाच वस्तीतल्या स्टुडिओत बहीण-भावाने मिळून काढलेला तो फोटो वडिलांनी कात्रीने मधोमध कापून छापायला दिला होता. शाईने सोमाचं तोंड भरून गेलं होतं. कान तेवढे त्याचे वाटत होते. त्याच्या खांद्याशी वेणीचं एक टोक राहून गेलं होतं. ते भागीरथीचं.

"माझा धाकटा भाऊ. सोळा वर्षांचा होता. दहावीला नापास झाला न् घरातून निघून गेला." तिचं बोट चौकटीतल्या शेवटच्या ओळीवर थांबलं, कागदाला न लागता. "हे बघा. खोली नंबर अकरा, स्टेशनमागची चाळ, अंबरनाथ. चाळ पाडून बारा वर्षं झाली. आता टॉवर आहे तिथं. वॉचमनला मी सांगून ठेवते, सोमा नावाचा कुणी आला तर बदलापूरला शिरगावात माझ्याकडं पाठव. पण वॉचमन टिकत नाहीत हो. दर वेळी नव्याला पहिल्यापासून सांगायचं. मागचा तर म्हणाला, आंटी, गाडी नंबर क्या है उनका?"

स्वप्नालीला हसू आलं आणि लगेच गेलं.

"काकू, छापलेल्यातलं एक अक्षरही आम्हाला हलवता येत नाही. इतिहास आहे हा. जसा आहे तसाच ठेवावा लागतो."

"चाळीचा झाला असेल इतिहास. पोरगा अजून यायचाय."

भागीरथीने पिशवीत पुन्हा हात घातला आणि पांढऱ्या कागदाची एक चिंचोळी पट्टी काढली. त्यावर शिरगावचा पत्ता टाइप करून आणला होता, चौकटीत बसेल एवढ्याच बारीक अक्षरात. डिंक लावायचा तेवढा बाकी होता.

"एवढी चिकटवली तरी चालेल. कुणाला कळणारपण नाही."

स्वप्नालीने फाइल झटकन स्वतःकडे ओढली. मग तिलाच कसंसं झालं असावं. उठून तिने भागीरथीसाठी खुर्ची आणली.

"बसा. पान आहे तसंच राहू दे. पण प्रत्येक पानाखाली आम्ही टीप देतो. फोटोतलं माणूस कोण, ही जागा आता कुठं आहे, असं. तिथं तुमचा पत्ता घालते. पान उघडलं की लगेच दिसेल."

"फोन नंबरपण?"

"तोपण."

भागीरथी बसली. पत्ता सांगू लागली. सोसायटीचं नाव, विंग, मजला. मग मध्येच थांबली.

"असं नको. त्याला यातलं काही माहीत नाही. बदलापूर स्टेशनला पूर्वेला उतर, असं लिही. मामाकडं खरवईला जाताना भाताची शेतं लागायची ना, आपण खेकडे पकडायचो, तिकडंच चालत ये. आता शेतं नाहीत, बिल्डिंगी झाल्यात. पण कुणालाही विचार, भागीरथी कुठं राहते."

स्वप्नालीने तसंच लिहिलं, 'आपण'सकट. लिहून झाल्यावर, काही राहिलं नाही ना म्हणून, तिने चौकटीतला मजकूर पहिल्यापासून मोठ्याने वाचला.

"चि. सोमा, तू गेल्यापासून आईने अंथरूण धरले आहे. ती तुझी वाट पाहत आहे. असशील तेथून ये. कोणी रागावणार नाही." ती थांबली. "काकू, आई...?"

"त्याच पावसाळ्यात गेली. बाबा पाच वर्षांनी."

"मग तेही टिपेत घालते ना. माहिती पूर्ण होईल."

भागीरथीने लाइटबिलाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"ते नको लिहूस," ती म्हणाली. "आई वाट बघतेय, तेवढं तसंच राहू दे. नुसत्या बहिणीसाठी कोण येतं गं एवढ्या लांबून?"