शेवटच्या शब्दानंतर

"हे तिसऱ्यांदा लावलंस," हेल्गी म्हणाली. "पाठ करायचंय का?"

काल्योनं फोनचा आवाज वाढवला. शेगडीवर बटाटे रटरटत होते. टेबलावरच्या फोनमधून ड्रम कोसळत होते, गिटार करवतीसारखी चालली होती, आणि त्या सगळ्याखाली कुठंतरी त्यांची लेक केर्ली गात होती. गाणं आज सकाळीच बाहेर आलं होतं. आणि तिकडे राजधानीत, तालिनमध्ये, केर्ली कालपासून फोन उचलत नव्हती.

हेल्गीनं शब्द कागदावर उतरवून घेतले होते. चष्मा सावरून तिनं पुन्हा वाचलं, "'दाराला आतून कडी घातली, आणि मीच काडी ओढली.' सांग, काय अर्थ होतो याचा?"

"गाणं आहे ते, हेल्गी. चिठ्ठी नव्हे."

"आणि चिठ्ठीच असली तर?"

काल्यो उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला. "हल्लीची पोरं असलंच लिहितात. काळंकुट्ट लिहिलं की भारी वाटतं त्यांना."

"तीनची बस आहे. मी निघते. तू बस अर्थ लावत."

"थांब जरा. शब्द सोड. आवाज ऐकू दे मला."

चाळीस वर्षं त्यानं गावातल्या गायकवृंदाला शिकवलं होतं. हेल्गी मागच्या रांगेत, केर्ली सातव्या वर्षापासून पुढच्या. त्याचा एक नियम सगळ्यांना पाठ होता: शेवटचा शब्द संपला, तरी त्याचा हात खाली येईपर्यंत कुणी श्वास घ्यायचा नाही. हेल्गी पुष्कळदा चुकली होती. केर्ली कधीच नाही.

त्यानं चौथ्यांदा गाणं लावलं. शेवटाकडे त्याचा उजवा हात नकळत वर गेला. ड्रम थांबले. गिटार विझली. केर्लीनं शेवटचा शब्द लांबवला, सोडला.

आणि मग एक श्वास ऐकू आला. खोल, पोटातून घेतलेला.

गाणं संपलं.

"चुकली," हेल्गी हळूच म्हणाली.

"नाही. एवढा श्वास चुकून घेत नाही कुणी," काल्यो म्हणाला. "पुढं काहीतरी म्हणायचं होतं तिला."

हेल्गीनं शेगडी बंद केली. बटाटे अर्धे कच्चेच राहिले. ती त्याचा कोट घेऊन आली. त्याचा हात अजून वरच होता. तो खाली यायची वाट न पाहता तिनं त्यावरच बाही चढवली.