खलफानमामांचा दुसरा पेला

ओमानमधल्या निझवा शहरात मजलिशीच्या बैठकीत कॉफीचा कहवा पुरे झाला की पेला हातातल्या हातात हलवायचा. जो हलवत नाही, त्याला ओतत राहायचं. सत्तरीच्या खलफानमामांचा हात दोन वर्षांपासून आपोआपच थरथरत होता, त्यामुळे एका घोटाचा पहिला पेला संपला की किटली पुढच्या पाहुण्याकडे जाई. तोंडाने मागणं त्यांना कमीपणाचं वाटे. शेवटी कहवा ओतणारा भाचा हमूदच त्यांना डॉक्टर झहरांकडे घेऊन गेला.

"हात ठणठणीत आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. "लहान मेंदूकडून मज्जातंतूंवाटे निरोप चुकीचे येताहेत."

"म्हणजे दोन वर्षं माझा मेंदूच 'नको' म्हणत होता? मला न विचारता?"

डॉक्टरांनी हसू दाबत गोळ्या लिहून दिल्या.

पंधरा दिवसांनी मामा-भाचे परत आले.

"पडला का फरक?"

"काल एका बैठकीत सव्वीस पेले," मामा खुशीत म्हणाले. "पेला डोंगरासारखा स्थिर."

"मग थरथर गेली म्हणायची."

हमूदने किटली धरायचा हात उचलून टेबलावर ठेवला.



"गेली नाही, डॉक्टर. इकडे आली."