थांबा नसलेले स्टेशन

"कल्याणपासून म्हणा," वृंदा म्हणाली.

चिंतामणी पलंगाच्या कडेला बसून शर्ट अंगात चढवत होता. "अगं, चहा तरी पोटात जाऊ दे."

"आधी म्हणा."

डॉक्टरांचे बोलणे ऐकल्यापासून ती घरात कुठेच टेकत नव्हती. नवऱ्याच्या टाचेवरचा कर्करोगाचा काळा डाग मुळासकट काढला होता. तरी त्यातली एखादी पेशी रक्ताबरोबर मेंदूपर्यंत जाऊ शकते, असे ते म्हणाले होते. तिथल्या रक्तवाहिन्यांना आतून घट्ट अस्तर असते. बरीचशी औषधे त्याला धडकून परततात. ही पेशी मात्र भिंतीला चिकटून राहते, सांधा सैल करते, अंग चोरते आणि पलीकडे जाते. आवाज होत नाही. तेव्हापासून वृंदा आवाजच ऐकत होती: त्याच्या खोकल्याचा, पावलांचा, झोपेतल्या श्वासाचा.

पुढची तपासणी दिवाळीनंतर होती. तिला ती आजच हवी होती. त्याला त्या यंत्राच्या बोगद्यात पुन्हा झोपायचे नव्हते. शेवटी त्यानेच अट घातली होती. रोज सकाळी स्टेशने म्हणेन. चुकलो तर त्याच दिवशी जाऊ.

"कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ," तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "चिखलोली, बदलापूर."

तिच्या केसांतला कंगवा थांबला. "चिखलोली?"

"बांधतायत ना तिथे स्टेशन."

"बांधतायत. गाडी थांबत नाही अजून."

"थांबा नसला म्हणून काय झालं? उतरणारे उतरतातच."

ती हसली नाही. "अहो, थट्टा नको. माझा जीव जातो इथे."

तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो वरमला. मग शाळकरी मुलासारखा ताठ बसला आणि कल्याणहून निघाला. चिखलोली गाळली. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी. कर्जतला पोहोचल्यावर क्षणभर दम घेतला आणि तीच वाट उलटी चालत, एकही स्टेशन न चुकवता, कल्याणला परत आला.

"पास?"

"पास," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या छातीतला श्वास पुरता बाहेर पडला.

तो खुशीत उठला, चपला पायांत सरकवून दाराकडे निघाला. तेव्हा तिला त्याची पाठ दिसली. शर्टाची उजवी बाही मनगटापर्यंत नीट चढलेली होती. डावी रिकामीच लोंबत होती, आणि उघडा डावा हात कुणी विसरून ठेवल्यासारखा बाजूला होता.

"शर्ट," ती म्हणाली.

त्याने खाली पाहिले, उजव्या हाताने कॉलर सारखी केली. "घातलाय की. चल ना."

तिने ती रिकामी बाही उघडून धरली. "डावा हात द्या."

तो हसला, आणि पूर्ण विश्वासाने त्याने उजवा हात पुढे केला.