दोन वेळची सुई

“धाकलीचे कपडे भर, सुकरी. दुपारच्या जीपने हिला घेऊन जाते,” जयवंती सिस्टर उंबऱ्यातूनच म्हणाली.

सुकरी जागची हलली नाही. तिची नऊ वर्षांची धाकली भिंतीला टेकून बसली होती. हातापायांच्या काड्या झालेल्या, ओठ सुकलेले. एप्रिलात सूर्यमाळच्या पाड्यावर पाणी जपून प्यायचं असतं हे त्या पोरीला कळत होतं, तरी तिच्या हातातला तांब्या तिसऱ्यांदा रिकामा झाला होता.

धाकलीला मधुमेह होता, लहान मुलांना होतो तो. दवाखान्यात राहून ती टुणटुणीत झाली, घरी आली आणि तीन आठवड्यांत पुन्हा वाळली. परवा रक्तातली साखर चारशेच्या वर गेली. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा जयवंतीनेच छातीठोकपणे सांगितलं, आई सुया चुकवते. मग ठरलं, मुलीला नाशिकच्या वसतिगृहात ठेवायचं. तिथे सुई द्यायला माणूस असतो. आईची भेट वर्षातून दोनदा.

जयवंतीचा राग खोटेपणावर होता. ती काही पुण्याहून आलेली नव्हती. पोशेऱ्याची पोर, नागलीच्या भाकरीवर वाढलेली. पण बारा वर्षं जव्हारच्या क्वार्टरमध्ये राहून, आपली माणसं आपल्याइतकी कुणालाच कळत नाहीत असा तिचा ग्रह झाला होता. आणि तिने सुकरीला समजावण्यात काही कसर ठेवली नव्हती. अंगातली एकेक पेशी म्हणजे एकेक घर, ती म्हणाली होती. साखर अंगणात उभी, पण दार आतून लावलेलं. इन्सुलिन हा निरोप्या. प्रथिनाचा बनलेला, ठरलेल्या घड्या घातलेला. दारावर राखण असते, तीही प्रथिनाचीच. ती निरोप्याचा घाट चाचपून बघते, ओळख पटली की आत निरोप धाडते, मग दार उघडतं. धाकलीच्या अंगात हा निरोप्या तयारच होत नाही, म्हणून तो आपण सुईने पाठवायचा, सकाळी आणि संध्याकाळी. सुकरीने सगळं नीट ऐकून घेतलं होतं.

“मी येक बी सुई चुकवली नाय, बाई,” सुकरी आता म्हणाली.

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? साखर खोटं बोलत नाही.”

“मंग तुमच्यासमोर देते. बघा.”

तिने वाटीभर पाण्यात हात धुतले, पदराला न पुसता तसेच वाळू दिले. मग उखळ पालथं घातलं, त्यावर चढली आणि चुलीवरच्या माळ्यावरून एक लहानशी टोपली उतरवली. टोपलीत मऊ फडकं होतं आणि फडक्यात औषधाची बाटली.

जयवंतीने ती हिसकावून घेतल्यासारखी घेतली आणि उजेडाला धरली. चोरी पकडायचीच होती तिला. तिने मनात हिशेब केला, पुन्हा केला. औषध जेवढं उरायला हवं तेवढंच उरलं होतं, थेंब इकडे ना तिकडे. ती गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं की बाटली हाताला गरम लागते आहे.

तिने वर पाहिलं. धुराने काळ्या झालेल्या माळ्यावर नागलीची कणसं टांगली होती, वालाची गाठोडी होती, काकडीच्या बिया होत्या. पुढच्या सालाचं बियाणं. खाली चूल दिवसभर धगधगते, म्हणून त्याला कीड लागत नाही. भादव्यात घरात दाणा नसतो, पोरं उपाशी निजतात, तरी त्या माळ्याला कुणी हात लावत नाही. जयवंतीच्या आईच्या घरीही असाच माळा होता. लसींचा बर्फाचा डबा इतकी वर्षं खांद्यावर वाहणारी जयवंती ते बघत उभी राहिली. तिला स्वतःची लाज वाटली.

“इथं ठेवलीस?”

“घरात येच्याहून जपायची दुसरी जागा नाय, बाई.”

जयवंती खाली बसली. “सुकरी, अंडं उकडलं की त्यातून पिल्लू निघत नाही. तसंच आहे हे. धगीने त्या निरोप्याच्या घड्या मोडल्या. औषध अंगात गेलं, दारापर्यंत पोचलंही असेल, पण राखणीने त्याला ओळखलं नाही.”

सुकरीने लेकीच्या दंडाकडे पाहिलं. सुयांच्या खुणांनी तो भरला होता. “मंग इतले दिस मी हिला काय टोचलं?” ती हळूच म्हणाली.

जयवंतीने खांद्यावरच्या बर्फाच्या डब्यातून वाटेसाठी आणलेली नवी बाटली काढली आणि सुकरीच्याच हातात दिली. सुकरीने औषध रेघेवर बरोबर भरलं, टिचकी मारून बुडबुडा काढला, चिमटीत कातडी धरली आणि सुई दिली.

“धाकलीला मी नेत नाही. साखर उतरेपर्यंत इथंच थांबते,” जयवंती म्हणाली. “एका मडक्यात दुसरं मडकं ठेव. मधे ओली वाळू. बाटली आतल्या मडक्यात, आणि मडकी चुलीपासून लांब. वाळू सुकता कामा नये. रोज हंडाभर पाणी जास्त लागेल.”

विहीर अर्धा डोंगर उतरून होती. “आणीन,” सुकरी म्हणाली. मग तिने विचारलं, “पन हे तवाच का नाय सांगितलंत, बाई?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

जयवंतीने मान वर केली नाही.

“औषधाच्या खोक्यावर पहिलीच ओळ आहे, फ्रीजमध्ये ठेवा. तुझ्याकडं कुठला आलाय फ्रीज, म्हणून तेवढी ओळ मी तुला सांगितलीच नाही.”