हळदीकुंकू बदक

मिल बंद पडली आणि दत्तोपंत रोज सिरपूरच्या तलावाकाठी एकटेच जाऊन बसू लागले. पाण्यावर खिळलेली त्यांची नजर शारदाबाईंना बरी वाटेना. बदकं ओळखायला शिकायचंय, असं सांगून त्याही सोबत जाऊ लागल्या आणि मुद्दाम चुकू लागल्या.

"हे थापट्या ना?"

"अगं, शेपटीचं टोक बघ. तलवार बदक आहे ते. दिमाग कुठे असतो तुझा? असो, उद्या परत दाखवतो."

तेवढ्या शब्दावर शारदाबाईंना रात्री झोप लागायची.

आज एक बदक अगदी काठाशी आलं. चोचीच्या मुळाशी लाल ठिपके, टोक पिवळं. शारदाबाई भान विसरून बोलून गेल्या, "अहो, हळदीकुंकू बदक!"

दत्तोपंत बऱ्याच दिवसांनी हसले.

"शिकलीस की. आता तुझं माझ्यावाचून काही अडायचं नाही."