संक्रांतीपर्यंतची मुदत

आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशीही सुनेत्रा अमेरिकेतल्या एडिसन गावच्या आमच्या घरी ऑफिसचा तक्ता घेऊन बसली. तिची कंपनी युरोपला खेळणी पाठवायची. सुरक्षिततेचं नवं युरोपियन डायरेक्टिव्ह कुठल्या देशानं आपल्या कायद्यात आणलं, त्याच्या खुणा ती करत होती.

"यात काय साधायचं एवढंच असतं. कसं, ते ज्या त्या देशानं ठरवायचं. मुदत जानेवारीची," ती म्हणाली. "तुलाही एक डायरेक्टिव्ह देते, अरुण. मी गेल्यावर नागपूरला आईला तूच सांगायचं. कसं, ते तू ठरव. संक्रांतीपर्यंत."

"नाही जमलं तर?"

"लेट देशांच्या यादीत तुझं नाव घालेन."

दिवाळीनंतर ती गेली. आईंना तिचं आजारपणही माहीत नव्हतं.

संक्रांतीला नागपूरहून तिळगूळ आणि सुनेत्रासाठी काळी साडी आली. मागोमाग आईंचा फोन.

"अरुणराव, साडी आवडली का तिला? द्या बरं फोन."

"ती ऑफिसात आहे, आई. काही देशांचं अजून राहिलंय."



आज फेब्रुवारीची वीस तारीख. आईंना मी अजून सांगितलेलं नाही.