अठरा महिने, शून्य टक्के

बँक वेंडेलला अठरा महिने द्यायला तयार होती. डॉक्टरांचा निरोप सहाच महिन्यांचा होता.

"बघ," लिफाफा फोडत तो बायकोला म्हणाला, "डॉक्टरपेक्षा बँकेचाच माझ्या तब्येतीवर जास्त भरवसा."

नोरीन हसली नाही. "असलं अभद्र बोलू नकोस रे!"

"अगं, अठरा महिने शून्य टक्के व्याज! तुझ्या क्रेडिट कार्डांवरची बाकी उचलायची, माझ्या नव्या कार्डावर टाकायची. मी गेलो की कर्जही माझ्याबरोबर गेलं. मग म्हणावं बँकेला, ये वर वसुलीला."

नोरीनची कार्डं ओहायो नदीपलीकडच्या जुगाराच्या मशीनींनी खाल्ली होती. चाळीस हजार डॉलर. वेंडेलने त्यावरून कधी तोंड वाजवलं नाही. उभा जन्म पोलादाच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला आवाजाचाच वीट येतो. त्याचे कानही तिथेच राहिले होते. छातीच्या फोटोत डाग दिसला तेव्हा डॉक्टरांचा फोनही नोरीननेच घेतला. फोन ठेवून ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मग काय ते ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ती बातमी वेंडेलला आणि सगळ्या गल्लीला एकदमच कळली.

"एकदा जाऊन भेटायचं का त्यांना?" तिने विचारलं होतं.

"मरणार आहेस, हे पुन्हा ऐकायला दोनशे डॉलर मोजू? वेडी की काय!"

लिफाफे येत राहिले. एक कार्ड झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. प्रत्येक वेळी नोरीन नको नको म्हणाली आणि पेन आणून दिलं. शेवटी उरलं घर. ते वेंडेलच्या नावावर राहिलं तर बँका त्यावर टपून बसणार; म्हणून वकील गाठून तेही तिच्या नावे केलं. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. आता नोरीनच्या दारात कुणी यायचं नाही. आता फक्त मरायचं तेवढं राहिलं होतं.

तेच काही जमेना.

पानं गळली, बर्फ पडलं, वितळलं. सहा महिने केव्हाच उलटले. वेंडेल दोन्ही वेळा चापून जेवत होता.

"मरणारी माणसं वाळतात, लेका," केस कापता कापता बर्ट न्हावी त्याच्या कानात ओरडला. "तुझा पट्टा तर शेवटच्या भोकावर आलाय!"

नोरीनचा धीर सुटला. "तुझं जाणं माझ्याच्याने बघवायचं नाही," म्हणून ती फ्लोरिडाला बहिणीकडे गेली. हळव्या काळजाची बाई. वेंडेलने तिची बॅग गाडीत ठेवून दिली.

पहिल्या कार्डाचे फुकटचे महिने सरत आले, तशी त्याला जगण्याची शरम वाटू लागली. पुढे सत्तावीस टक्के व्याज. पेन्शन हप्त्यांनाही पुरायची नाही. अखेर मनाचा हिय्या करून त्याने दोनशे डॉलर मोजले आणि डॉक्टरांपुढे जाऊन बसला.

"रागवू नका डॉक्टर, पण तुम्ही सहा महिने म्हणालात आणि सव्वा वर्ष झालं. एकदा नक्की काय ते सांगा. व्याज सुरू होतंय."

डॉक्टरांनी जुना फोटो काढला, नवा काढायला लावला, दोन्ही शेजारी धरले. खुर्ची ओढून ते त्याच्या कानाशी वाकले आणि बाहेरच्या बाकांपर्यंत ऐकू जाईल असे ओरडले,

"कसले सहा महिने? डाग साधा आहे, हे मी त्याच दिवशी नोरीनबाईंना सांगितलं होतं! मजेत राहा, वेंडेल! अजून वीस वर्षं कुठे जात नाही तुम्ही!"